गाणं, नाच आणि अभिनय : म्युझिकल थिएटरच्या पदवीत तिन्हींचा मेळ कसा बसवतात



मुलगी गाते चांगली, भरतनाट्यमच्या परीक्षा दिल्या आहेत, गणेशोत्सवातल्या एकांकिकेत दरवर्षी काम करते. आणि आता म्हणते की अमेरिकेत जाऊन म्युझिकल थिएटरची पदवी घ्यायची आहे. असा प्रश्न घेऊन येणारे पालक आपल्या मंडळाच्या नाट्यविभागाला आता नवे राहिलेले नाहीत. कुणाचा मुलगा इथे बडोद्यात अकरावीत असतो, कुणाची नात तिकडे न्यू जर्सीत हायस्कूलमध्ये. शंका मात्र सगळ्यांची सारखीच असते : तीन कला चार वर्षांत शिकवायच्या म्हणजे एकही धड शिकवायची नाही, असं तर होत नाही ना?

शंका रास्त आहे. घरची मोठी रक्कम आणि मुलाच्या उमेदीची चार वर्षं पणाला लागणार असतात. म्हणून या पदव्यांमध्ये तीन कलांचा समतोल म्हणजे नेमकं काय असतं, तो कुठे बिघडतो आणि आपल्या घरातल्या मुलांनी तयारी कशी करावी, हे या लेखात सविस्तर सांगतो आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं की समतोल म्हणजे तीन सारखे वाटे नव्हेत. तिन्ही कला एकाच शरीरावर आणि एकाच श्वासावर चालतात. ते शरीर आणि तो श्वास कसा सांभाळला जातो, यावर अभ्यासक्रमाची पारख करावी.

तिन्ही एकाच माणसात कशासाठी?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर पूर्वी कामांची वाटणी असे. गाणाऱ्यांचा ताफा वेगळा, नाचणाऱ्यांचा वेगळा आणि मुख्य नट-नट्या वेगळ्या. १९४३ साली 'ओक्लाहोमा!' हे नाटक आलं. त्यात पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेला पडणारं स्वप्न नृत्यातून दाखवलं आहे. हे नृत्य अॅग्नेस डी मिल यांनी बसवलं होतं. नृत्याने कथा पुढे नेली म्हणून त्याचं फार कौतुक झालं. पण गंमत अशी, की त्या स्वप्नात नायक-नायिका म्हणून नाचत होते ते दुसरेच नर्तक. गाणारी नायिका बाजूला होई आणि नाचणारी नायिका पुढे येई.

१९५७ सालच्या 'वेस्ट साइड स्टोरी'त ही सोय उरली नाही. जेरोम रॉबिन्स यांनी दिग्दर्शन आणि नृत्य दोन्ही हाती घेतलं होतं. दोन टोळ्यांतल्या पोरांची ती गोष्ट. जो पोरगा भांडतो तोच नाचतो आणि तोच गातो. १९७५ च्या 'अ कोरस लाइन'मध्ये तर नाटकाचा विषयच नर्तकांची निवडचाचणी हा होता, आणि रांगेत उभा असलेला प्रत्येक जण आपली कहाणी बोलून, गाऊन, नाचून सांगत होता. तिन्ही येणाऱ्या कलाकाराला तिकडे 'ट्रिपल थ्रेट' म्हणतात. पूर्वी ते कौतुकाचं विशेषण होतं, आता ती नोकरीची किमान अट झाली आहे.

धंद्याची गरज बदलली तसे अभ्यासक्रम निघाले. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात १९६८ साली सुरू झालेला अभ्यासक्रम अमेरिकेतला या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम म्हणून ओळखला जातो. आज मिशिगन, कार्नेगी मेलन, पेन स्टेट, न्यूयॉर्क विद्यापीठ अशा अनेक ठिकाणी ही पदवी मिळते.

आपल्याकडे काय होतं, काय आहे?

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, तेव्हापासून गाता येणारा नट ही मराठी नाटकाची गरज झाली. किर्लोस्कर मंडळीत शकुंतला आणि सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर तर आपल्या बडोद्याचेच. नाटक मंडळी हेच त्या काळचं कॉलेज होतं. मुलं कंपनीत राहत, तिथेच जेवत, तिथेच शिकत. नारायणराव राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना, गाण्याची तालीम भास्करबुवा बखल्यांची आणि अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवलांची. दोन कलांना दोन गुरू आणि दोन्ही विद्या रोज रात्री एकाच रंगमंचावर कसाला लागत.

पण त्या परंपरेत दोन गोष्टी आजच्या म्युझिकलपेक्षा वेगळ्या होत्या. एक म्हणजे नृत्य जवळजवळ नव्हतं. चाल, बैठक, पदर सावरणं यांची तालीम असे, पण गाताना नाचावं लागत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे पद सुरू झालं की कथानक थांबे. प्रेक्षक 'वन्स मोअर' देत आणि नट तेच पद पुन्हा नव्याने रंगवी. तो त्या रंगभूमीचा दोष नव्हता, तीच तिची मौज होती. म्युझिकलमध्ये मात्र गाणं संपताना पात्र गाण्याआधी होतं तिथेच राहिलं, तर ते गाणं फसलं असं मानतात.

तिन्हींचा एकत्र मेळ मराठीत पाहायचा तर १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' आठवावं. ब्राह्मणांची ती रांग भिंत होते, गाते, नाचते आणि पुन्हा पात्रांमध्ये फुटते. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य यांतली एकही बाजू काढली तर ते नाटक उभं राहणार नाही.

शिक्षणाच्या बाबतीत बडोद्याचा वारसा मोठा आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा सुरू झाली. तंजावरच्या राजघराण्यातून आलेल्या महाराणी चिमणाबाईंबरोबर तिकडची नृत्यपरंपरा बडोद्याला आली. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत गायन, वादन, नृत्य आणि नाट्य असे विभाग एका छताखाली आहेत. पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्रही १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवतं. पण आपल्या या व्यवस्थेत विद्यार्थी एक कला मुख्य म्हणून निवडतो. नाट्याच्या विद्यार्थ्याला गाणं आणि शरीराची हालचाल शिकवतात, ती अभिनयाला पूरक म्हणून. छत एक, पण दारं वेगळी. म्युझिकल थिएटरच्या पदवीत तिन्ही दारांतून एकाच विद्यार्थ्याला रोज जावं लागतं. फरक आहे तो इथे.

नाव एक, पदव्या तीन

अमेरिकेत या विषयाची पदवी तीन नावांनी मिळते, आणि तिथेच समतोल बराचसा ठरून जातो.

बीएफए ही व्यावसायिक पदवी. एकूण अभ्यासाचा साधारण दोन-तृतीयांश भाग कलेचा, उरलेला इतिहास, भाषा, विज्ञान वगैरे विषयांचा. ज्यांना रंगमंचावरच पोट भरायचं आहे, ते बहुधा हीच घेतात.

बीएम ही संगीताची पदवी. ती संगीत विद्यालयात असते. गळ्याची तयारी, स्वरलिपी, संगीताचं व्याकरण, पियानो यांवर भर. अभिनय आणि नृत्य असतं, पण मुख्य खांब गाण्याचा.

बीए ही सर्वसाधारण पदवी. कलेचे विषय निम्म्याहून कमी. दुसरा एखादा मुख्य विषय बरोबरीने घेता येतो. घरच्यांना ही पदवी सुरक्षित वाटते आणि काही मुलांसाठी ती खरोखर योग्यही असते. पण रोज तीन-चार तास शरीर घासून घेण्याची मुभा तीत कमी.

पदवीच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे तो विभाग कोणाच्या घरात आहे हा मुद्दा. कार्नेगी मेलनमध्ये म्युझिकल थिएटर नाट्यविद्यालयाच्या अंगणात आहे, म्हणून तिथे कणा अभिनयाचा. सिनसिनाटीत ते संगीत महाविद्यालयात आहे. काही ठिकाणी नृत्यविभाग जोरात असतो. म्हणजे 'तिन्ही समान' असं माहितीपत्रकात लिहिलेलं असलं, तरी प्रत्येक घराची एक मातृभाषा असते. ती ओळखावी.

आठवड्याचं वेळापत्रक

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की गाण्याला इतके तास, नाचाला इतके, अभिनयाला इतके असे वाटे केले की झालं. पण तिन्ही कला शिकवण्याच्या रीतीच वेगवेगळ्या आहेत.

गाणं एकास एक शिकवतात. आठवड्यातून अर्धा ते एक तास गुरू आणि शिष्य समोरासमोर. शिवाय एकत्र गाण्याचा वर्ग आणि स्वरलिपी वाचण्याचा वर्ग. बाकी रियाज विद्यार्थ्याचा विद्यार्थ्याने करायचा.

नृत्य पातळीप्रमाणे शिकवतात. लहानपणापासून बॅले केलेली मुलगी आणि कधी पायही न उचललेला मुलगा एकाच वर्षात असले, तरी एका वर्गात नसतात. बॅले, जॅझ आणि टॅप हे तीन मुख्य प्रकार. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले तीन ते पाच दिवस नृत्याचा वर्ग असतो, आणि तो दीड-दीड तासाचा असतो.

अभिनय मात्र पूर्ण तुकडीला एकत्र शिकवतात, कारण अभिनयाला समोर माणूस लागतो. वीसेक मुलं चार वर्षं एकमेकांसमोर रडतात, हसतात, चुकतात.

यामुळे समतोल हा प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा असतो. नाचात कच्चा असलेल्या मुलाचे पहिल्या दोन वर्षांतले जास्तीचे तास नृत्यात जातात. गाण्यात कच्चा असेल त्याचे रियाजाच्या खोलीत. ही दुरुस्ती करायला जागा ठेवणारा अभ्यासक्रम चांगला. काही संस्थांमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य नाटकांत भूमिकाच देत नाहीत. पालकांना ते अन्यायाचं वाटतं. पण त्याचं कारण साधं आहे : जे अंग अजून कच्चं आहे ते प्रेक्षकांसमोर झाकण्याची सवय लागली, की ते सुधारत नाही.

दिवसा वर्ग आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमी, असा हा दिवस रात्री दहापर्यंत लांबतो. खरी कसोटी तिथूनच सुरू होते.

पोट आत की पोट सैल?

एक उदाहरण घेऊ. सकाळी बॅलेच्या शिक्षिका सांगतात : पाठ ताठ, पोट आत ओढून धरा. ते बरोबरच आहे. धड घट्ट नसेल तर एका पायावर गिरकी घेता येत नाही. दुपारी गाण्याचे गुरुजी सांगतात : श्वास घेताना पोट सैल सोडा, बरगड्या पसरू द्या. तेही बरोबरच. पोट आवळलेलं असेल तर श्वास वर छातीत अडकतो, खांदे उचलले जातात आणि गळा आवळतो. मुलाने करायचं काय?

जिथे दोन शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे मुलगा नाचाच्या वर्गात गाणं विसरतो आणि गाण्याच्या वर्गात नाच. मग दोन्ही एकत्र करायची वेळ आली की दम लागतो, सूर उतरतो आणि चेहऱ्यावर फक्त कष्ट दिसतात. जिथे शिक्षक बोलतात, तिथे त्यांनी दोघांची भाषा जुळवलेली असते. उदाहरणार्थ, श्वास पुढच्या पोटाऐवजी बाजूच्या आणि मागच्या बरगड्यांत घ्यायला शिकवतात. धड घट्ट असूनही तिथे जागा मिळते. शिवाय श्वास कुठे घ्यायचा हे नाचाच्या मोजणीवर आधीच ठरवतात. तिकडे नाच आठ-आठच्या मोजणीत बसवतात. 'सहावर उडी, सातवर श्वास, आठवर शब्द' असं पक्कं केलं की नशिबावर काही सोडावं लागत नाही.

बसवण्याचाही क्रम असतो. गाणं आधी एका जागी उभं राहून पाठ करायचं. नाच न गाता बसवायचा. मग गाणं म्हणत नाचाच्या नुसत्या खुणा करायच्या. त्यानंतर नाच पूर्ण आणि गाणं हळू आवाजात. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही पूर्ण. आपल्या गणेशोत्सवात आपण बहुतेक वेळा हे सगळं एकदमच करायला जातो, आणि तिसऱ्या तालमीला अर्ध्यांचा घसा बसतो. हा क्रम आपल्या तालमींनाही फुकटात वापरता येण्यासारखा आहे.

गळ्याचा हिशेब

तिन्ही कलांत सगळ्यात नाजूक वस्तू गळा. पाय दुखला तर दिसतो, लंगडतो, माणूस थांबतो. गळा दुखावला तरी बऱ्याचदा दुखत नाही, नुसता खरखरतो. आणि मुलं त्यावर आणखी जोर देतात.

बोलताना बाईच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला साधारण दोनशे आणि पुरुषाच्या शंभर-सव्वाशे होतात. म्हणजे एखादी मुलगी सलग आठ-नऊ मिनिटं बोलली की स्वरतंतू लाखभर वेळा एकमेकांवर आपटलेले असतात. गाताना स्वर चढेल तसा हा आकडा वाढतो. आता तिचा दिवस मोजा. सकाळी अभिनयाच्या वर्गात आरडाओरड्याचा प्रवेश, दुपारी गाण्याचा वर्ग, संध्याकाळी तालीम, मधल्या वेळेत कॅन्टीनमधल्या गप्पा. गाण्याचा वर्ग तासाभराचा असला, तरी गळ्याचं काम दिवसभर चालू असतं.

त्यात म्युझिकलमध्ये 'बेल्ट' नावाची गायकी लागते. छातीचा, बोलण्याच्या ढंगाचा भरदार आवाज वरच्या स्वरांपर्यंत नेणं, असं तिचं वर्णन करता येईल. नीट शिकलं तर ती सुरक्षित आहे. ओरडून नक्कल केली तर स्वरतंतूंवर सूज येते, पुढे गाठी होतात. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग करावे लागतात. तिथे सुंदर गाणाऱ्यापेक्षा आठव्या प्रयोगालाही तसाच गाणारा टिकतो.

म्हणून जाणत्या संस्था गळ्याचा हिशेब ठेवायला शिकवतात. तालमीत प्रत्येक वेळी पूर्ण आवाज लावायचा नाही. आजारपणात नुसत्या खुणा करून तालीम करायची मुभा असते. पाणी, झोप, मौनाचे तास यांची शिस्त असते. घशाच्या डॉक्टरांशी आणि आवाजाच्या थेरपिस्टशी संस्थेचा संबंध असतो. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू दुर्बिणीने तपासून घ्यावेत, हे आपल्या इथल्या गाणाऱ्या मुलांसाठीही खरं आहे. ज्येष्ठमध चघळून महिना काढू नये.

अभिनय हा दोरा

मग अभिनय या सगळ्यात कुठे बसतो? आमच्या मते तो तिसरा वाटा नव्हे, तो बाकीच्या दोघांना ओवणारा दोरा आहे.

म्युझिकलचा साधा नियम असा सांगतात : बोलणं अपुरं पडलं की पात्र गातं, आणि गाणंही अपुरं पडलं की नाचतं. म्हणून गाण्याच्या अभिनयाचा वेगळा वर्ग असतो. तिथे विद्यार्थी आधी गाण्याचे शब्द चालीशिवाय, साध्या संवादासारखे बोलतो. मग त्याला प्रश्न विचारतात. तू हे कुणाला सांगतोस? तुला त्याच्याकडून काय हवं आहे? दुसऱ्या कडव्यात तेच शब्द पुन्हा आले, तर पहिल्या वेळेपेक्षा काय बदललं? संगीत सुरू झालं पण तू अजून गात नाहीस, त्या चार मात्रांत तुझ्या मनात काय चाललं आहे?

नाचालाही हेच प्रश्न लावतात. हात का वर गेला? नुसता देखणा दिसतो म्हणून, की काही मागतोय म्हणून? भरतनाट्यम शिकलेल्या आपल्या मुलींना हे लवकर कळतं. नृत्त आणि अभिनय यांतला फरक त्यांनी लहानपणीच शिकलेला असतो.

अभिनयाचा दोरा नसला तर गायक, नर्तक आणि नट अशी तीन माणसं एका शरीरात आळीपाळीने उभी राहतात. आणि दोरा पक्का असला, की एखादं अंग थोडं कमी असलं तरी प्रेक्षक ते माफ करतात. तिकडच्या धंद्यात 'थोडं नाचू शकणारा गायक' किंवा 'गाऊ शकणारा नर्तक' अशा नावांनीही कामं मिळतात. प्रत्येकाचं एक अंग अव्वल, दुसरं भक्कम आणि तिसरं कामापुरतं असतं. ते तिसरं अंग अडथळा होणार नाही इतपत आणणं, हेच चार वर्षांतलं खरं काम.

आपल्या मुलांचं बळ आणि नवं शिकायचं ते

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या मुलांचा कान आणि सूर पक्का असतो, लयीची जाण असते. पण काही सवयी बदलाव्या लागतात. आपली गायिका आपल्या सोयीची पट्टी घेते, काळी चार म्हणजे काळी चार. म्युझिकलमध्ये भूमिकेची पट्टी बहुधा लिहिलेली असते. ख्यालात शब्द सुरात विरघळले तरी चालतात. इथे प्रत्येक शब्द पहिल्याच खेपेला शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागतो. मींड आणि हरकती आवराव्या लागतात. चार जण चार वेगळ्या सुरांत गात असताना आपला सूर धरून ठेवणं, हे एकल गायकीत वाढलेल्या कानाला सुरुवातीला जड जातं. आणि पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता आलीच पाहिजे. ही शेवटची गोष्ट इथेच, पियानो किंवा कीबोर्डच्या शिकवणीतून, दोन वर्षं आधी सुरू करता येते.

भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे बाहेर वळलेले असतात, त्यामुळे बॅलेची मूळ बैठक त्या मुलींना फार अनोळखी वाटत नाही. कथकच्या मुलांना तत्काराने पायांचा बारीक ताल येतो. टॅप शिकताना तो कामी येतो. मात्र कथकची चक्कर टाचेवर फिरते, बॅलेची गिरकी चवड्यावर. शरीराला ती सवय मोडून नवी लावायला वेळ लागतो. जमेल तर बारावीआधी वर्षभर तरी बॅले किंवा जॅझचा पाया घालावा.

प्रवेश

प्रवेश नुसत्या गुणपत्रिकेवर होत नाही, चाचणीही द्यावी लागते. शरद ऋतूत आधी चित्रफिती पाठवायच्या असतात : दोन वेगवेगळ्या ढंगांची गाणी, मिनिट-दीड मिनिटाचा एक संवाद आणि छोटं नृत्य. त्यातून निवडलेल्यांना हिवाळ्यात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, प्रत्यक्ष चाचणीला बोलावतात. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस इथे अनेक विद्यापीठं एकाच सुमारास चाचण्या घेतात. नामांकित ठिकाणी वर्षाला दहा-बारा ते वीस-पंचवीस जागा असतात आणि येणारे शेकड्यांनी. नकार आला तर तो मुलाच्या योग्यतेचा निकाल नसतो. संस्था एक तुकडी जुळवत असते, आणि त्या वर्षी तिला कोणता आवाज हवा आहे हे बाहेरच्याला कळत नाही.

इथून जाणाऱ्यांनी व्हिसाचे नियमही आधीच पाहावेत. पदवीनंतर काम करायला मिळणारी मुदत कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी असते. मग कर्ज काढायचं की नाही, किती काढायचं, हे त्याच्याशी जोडून ठरवावं.

पालकांनी विचारायचे प्रश्न

संस्थेचं नाव किंवा तिचे गाजलेले माजी विद्यार्थी पाहण्यापेक्षा हे विचारा :

- पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा एक खरा आठवडा कसा असतो? वेळापत्रक दाखवता का?
- गाण्याची शिकवणी आठवड्याला किती वेळ, आणि ती कोण देतं?
- नृत्यात नवख्या मुलांसाठी वेगळी पातळी आहे का? खालून वर जायला साधारण किती काळ लागतो?
- गाणं, नृत्य आणि अभिनयाचे शिक्षक एकाच विद्यार्थ्याबद्दल एकत्र बसून बोलतात का?
- मुलाचा आवाज बसला किंवा पाय दुखावला, तर त्याच्या गुणांचं आणि भूमिकेचं काय होतं?
- प्रत्येक विद्यार्थ्याला चार वर्षांत रंगमंचावर किती वेळा संधी मिळते?
- दर वर्षाअखेर गाळणी लावून मुलं कमी करतात का?

शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षाअखेर पुन्हा परीक्षा घेऊन पुढे जाऊ द्यायचं की नाही ते ठरवतात. घरापासून इतक्या दूर गेलेल्या मुलाला हे आधी माहीत असणं जरुरीचं आहे.

आणि मुलालाही एक प्रश्न विचारा, शांतपणे, चाचण्यांची धावपळ सुरू होण्याआधी : तिन्हींपैकी कोणती गोष्ट तू कुणी बघत नसतानाही करतोस? उत्तर 'गाणं' असलं तर कदाचित संगीताचीच पदवी त्याच्यासाठी बरी, आणि ती बडोद्यातही उत्तम मिळते. उत्तर 'नाटक' असलं तर नाट्यविभागाचा विचार आधी करावा. पण तिन्ही एकत्र करतानाच त्याचा चेहरा खुलत असेल, तर त्याला अडवू नये. तयारीला मात्र नववी-दहावीपासून लावावं. गाण्याची शिकवणी चालू ठेवावी, नाच सोडू देऊ नये, आणि वर्षातून एका तरी नाटकात पूर्ण तालमीसह काम करू द्यावं. शेवटच्या गोष्टीसाठी मंडळाच्या नाट्यविभागाचं दार उघडं आहे. नव्या नाटकाच्या तालमी सुरू होतील तेव्हा मुलांना जरूर पाठवा.